एका घरातील दोन ताटे

डोळ्यांसाठी गाजर खावे, पपई खावी, हिरवा पाला खावा, हा उपदेश आपल्याकडे इतका सर्वमान्य झाला आहे की त्याचे कारण कुणी विचारीत नाही. अंगणवाडीच्या तक्त्यावर तो चित्रांसह असतो, शाळेच्या पुस्तकात असतो आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी तर नेहमीच असतो. हा उपदेश खरा आहे; त्याच्या खरेपणाविषयी आमच्या मनात आजही तिळमात्र शंका नाही. आणि तरीही गेली सात वर्षे आमच्या घरातील एका ताटापुरता तो आम्ही बाजूला ठेवला आहे. हे कसे घडले, त्यातून आम्ही काय शिकलो आणि वाचकांपैकी कुणावर तशीच वेळ आली तर त्यांनी काय सांभाळावे, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा आमच्या घरात आजही चुकत नाही. कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने आम्ही मावळात आलो आणि तळेगाव दाभाड्याजवळील नवलाख उंबरे या गावी स्थिरावलो. गावाच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि गुलाबांची हरितगृहे, तर दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. आमच्या श्रीरामपूरकडे ताटात भाकरी आधी येते. येथे भात आधी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेल्या इंद्रायणी वाणाचा वास खाचरातून येऊ लागला की परक्या माणसालाही हे गाव आपले वाटू लागते. परंतु या सुवासिक पांढऱ्या भातात 'अ' जीवनसत्त्व मुळीच नसते. ते येथल्या लोकांना मिळते ते पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू, अळू, माठ यांतून, बांधावरच्या शेवग्याच्या पाल्यातून, परसातल्या पपईतून आणि तांबड्या भोपळ्यातून. म्हणूनच येथल्या बायका पाल्याला इतके जपतात. त्यांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नसेल. त्याचा गुण मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आमची थोरली लेक २००९ सालची. २०१८ साली ती चौथीत असताना तिच्या वर्गाच्या बाईंनी आम्हां उभयतांना शाळेत बोलावून घेतले. अभ्यासाविषयी त्यांची तक्रार नव्हती. "पोर हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण माझ्याशी बोलताना ती माझ्या तोंडाकडे पाहत नाही, कानाकडे पाहते. फळ्यावरचे उतरवून घेताना मान वाकडी करते. एकदा तिचे डोळे दाखवून घ्या." त्या बाईंचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही. मग घरी आमच्याही लक्षात येऊ लागले. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तांदळातला खडा दिसत नव्हता. पण अंगणाच्या कडेने जाणारे मांजर सर्वांच्या आधी तिलाच दिसे. संध्याकाळी वीज गेली तरी ती कुठे अडखळत नसे. म्हणजे आमच्या ओळखीचा रातांधळेपणा हा नव्हता.

चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. फरक पडला नाही. अखेरीस पुण्याला दृष्टिपटलाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, दृष्टिपटलाची छायाचित्रे काढली, त्याच्या थरांचा स्कॅन केला आणि जनुकीय तपासणीसाठी रक्त पाठविले. काही आठवड्यांनी उत्तर आले: स्टारगार्ट रोग. कार्ल स्टारगार्ट या जर्मन नेत्रवैद्याने १९०९ साली त्याचे वर्णन केले. त्याला कारण असणारे एबीसीए४ हे जनुक १९९७ साली सापडले. साधारणपणे आठ ते दहा हजारांत एकाला तो होतो. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघेही त्या सदोष जनुकाचे वाहक असतात. दोघांचीही दृष्टी उत्तम असते. आपण वाहक आहोत हे त्यांच्या गावीही नसते. दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडते आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांचा सांगण्याचा धीर मोठा होता. आमच्या लेकीला त्यांनी समोर बसविले आणि आम्हां तिघांना मिळून सांगितले. डोळ्यांत येणारा प्रकाश टिपण्यासाठी दृष्टिपटलाला 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक पदार्थ लागतो. जॉर्ज वाल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३३ साली दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व असल्याचे दाखवून दिले आणि दृष्टीच्या या रसायनशास्त्रावरील कार्यासाठी १९६७ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रकाश पडला की त्या पदार्थाचे रूप पालटते. पालटलेला पदार्थ उचलून बाहेर न्यावा लागतो, तेथे तो पुन्हा ताजा होतो आणि परत कामाला येतो. ही उचलाउचल करणारे प्रथिन एबीसीए४ हे जनुक घडविते. ते प्रथिनच धड नसेल, तर वापरलेला माल जागीच साचतो, त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा पिवळसर कचरा दृष्टिपटलामागील पोषण करणाऱ्या थरात जमत जातो. तो थर मेला की त्याच्या आधाराने जगणाऱ्या दृष्टीच्या पेशीही मरतात. नुकसान आधी मधोमध होते, जेथून आपण अक्षरे वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो. कडेची दृष्टी बहुधा टिकून राहते.

"तुमच्याकडे भाताची गिरणी आहे ना?" डॉक्टरांनी लेकीला विचारले. तिने मान हलविली. "गिरणीतला कोंडा उचलणारा माणूस कामावर आला नाही, तर त्यात भाताचा काय दोष? भात चांगलाच आहे. पण त्या दिवशी गिरणीत दुप्पट भात ओतायचा नाही. एवढेच पथ्य."

या पथ्यामागे आधार आहे. हे जनुक नसलेल्या उंदरांना 'अ' जीवनसत्त्व जादा दिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत तो कचरा अधिक वेगाने साचला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून स्टारगार्टच्या रुग्णांना 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि औषधे टाळावयास सांगतात. हा आजार बरा करण्याचा उपाय नव्हे. चालत्या गाड्याला उतारावर आणखी धक्का देऊ नये, इतकाच त्याचा अर्थ. औषधाचे प्रयोग जगात चालू आहेत. त्यांची वाट पाहताना आहे ती दृष्टी सांभाळावयाची.

आता हे पथ्य प्रत्यक्ष कसे पाळले ते सांगतो. 'अ' जीवनसत्त्व दोन रूपांनी पोटात जाते. प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात ते तयार रूपात असते: यकृतात सर्वांत अधिक, माशांच्या यकृताच्या तेलात, आणि त्या मानाने थोडे दूध, लोणी, अंडी यांत. भाज्या आणि फळे यांत मात्र कॅरोटीन असते आणि त्यातून शरीर आपल्या गरजेपुरते जीवनसत्त्व बनविते. साठा पुरेसा असला की बनविण्याचा वेग मंदावतो. म्हणून डॉक्टरांनी सक्त मनाई केली ती तीन गोष्टींना: 'अ' जीवनसत्त्व असलेल्या गोळ्या व टॉनिके, कॉड माशाचे तेल आणि कलेजी. दूध, अंडे, पालेभाजी, भोपळा हे सारे चारचौघांसारखे, नेहमीच्या प्रमाणात. रोज गाजराचा रस पाजण्यासारखा अतिरेक तेवढा नको. उन्हात जाताना टोपी आणि काळा चष्मा हवा, आणि घरात कुणीही धूम्रपान करावयाचे नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ८४० मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व पुरते. मेंढीच्या शंभर ग्रॅम कलेजीत ते सहा हजार मायक्रोग्रॅमहूनही अधिक भरते, असे जुन्या पोषणतक्त्यांत दिले आहे. एका वाटीत आठवड्याची बेगमी! ज्या घरात मुलांना कलेजी 'डोळ्यांची आणि रक्ताची' म्हणून प्रेमाने भरविली जाते, तेथे हे आकडे भिंतीवर लावून ठेवण्याजोगे आहेत.

बाजारातील डब्यांवरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय आम्हांला तेव्हापासून लागली. दुधात कालवून पिण्याची शक्तिवर्धक भुकटी, सकाळच्या न्याहारीचे खोके, काही बिस्किटे, सर्वांत हे जीवनसत्त्व वरून घातलेले आढळते. २०१८ पासून तेलाच्या आणि दुधाच्या पिशव्यांवर अधिकचे चिन्ह आणि इंग्रजी 'एफ' हे अक्षर दिसू लागले आहे. अशा तेलाच्या दर ग्रॅममध्ये ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व घालावे, असा नियम आहे. कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने ती योग्य गोष्ट आहे. तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तरी जवळच घाणा असल्यामुळे आम्ही शेंगदाण्याचे तेल तेथून आणू लागलो. शक्तिवर्धक भुकटी मात्र घरातून गेली ती गेलीच.

खरी कसोटी स्वयंपाकघरात नव्हती, ती उंबऱ्याबाहेर होती. पोरीची दृष्टी अधू झाली हे गावात कळले, आणि गावाने आपल्याजवळचे जे उत्तम ते आमच्या दारी आणून दिले. कुणी गाजरे आणली, कुणी शेवग्याच्या पाल्याची जुडी. शेजारच्या आजी आपल्या झाडाची पहिली पिकलेली पपई पदराखाली घेऊन आल्या. "अवो, पोरीच्या डोळ्याला लई ग्वाड गुन हाय याचा. बाजारची न्हाय, झाडाची हाय." अशा माणसाला काय सांगावे? सुदैवाने पपई पूर्ण वर्ज्य नव्हती. ती कापली, सर्वांनी मिळून खाल्ली, लेकीने दोन फोडी खाल्ल्या आणि आजी समाधानाने परतल्या. परंतु जत्रेच्या दिवशी शेजारच्या घरातून मुद्दाम राखून ठेवलेली कलेजी तिच्यासाठी आली, तेव्हा ती वाटी परत करावी लागली. प्रेमाने आणलेले अन्न परत करणे किती कठीण असते हे त्या दिवशी कळले. आम्ही डॉक्टरांचा कागद दाखविला, समजावून सांगितले. त्या मावशी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मंग तिला रस्सा चालंल का?" रस्सा चालत होता. पुढच्या वर्षीपासून त्या घरून तिच्यासाठी रश्श्याचे वेगळे पातेले येऊ लागले.

आमच्या मामांची गोष्ट निराळी. ते मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. लहानपणी रांगेत उभे करून चमच्याने पाजलेल्या माशाच्या तेलाची चव त्यांच्या जिभेवरून अजून गेलेली नाही, आणि आपली दृष्टी सत्तरीतही शाबूत आहे ती त्या तेलामुळेच, अशी त्यांची श्रद्धा. ते कॉड माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले आणि आम्ही आढेवेढे घेताच त्यांनी तोबीतच्या ग्रंथाचा दाखला काढला: रफाएल देवदूताने सांगितल्याप्रमाणे माशाच्याच औषधाने म्हाताऱ्या तोबीतची दृष्टी परत आली नव्हती काय? तेव्हा आमच्या लेकीने, जी धर्मशिक्षणाच्या वर्गात कान टवकारून बसत असे, त्यांना विचारले, "पण मामाआजोबा, डोळ्यांना माशाचे पित्त लावले होते ना? यकृत तर निखाऱ्यांवर टाकले होते." मामा मोठ्याने हसले आणि बाटली खिशात घालून परत घेऊन गेले. त्या काळात आमच्या घरात फार थोड्या वेळा हसू उमटले. त्यांपैकी हे एक.

हसण्यावारी नेता येणार नाही असेही काही कानांवर आले. हे कुणाचे पाप पोरीला भोवले, अशी कुजबुज झाली. योहानच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला नेमके हेच विचारले होते आणि येशूने तो तर्कच नाकारला होता, हे आपण सर्व जाणतो. तरीही तो प्रश्न दोन हजार वर्षे जिवंत आहे. जनुकशास्त्राने आम्हांला दिलेले उत्तरही त्याच अंगाचे होते: येथे अपराधी कुणी नाही. सदोष प्रत प्रत्येक पिढीत निरोगी माणसांतून मुकाट्याने पुढे जात असते; आमच्या घरात दोन प्रती एकत्र आल्या, इतकेच. घरात हे सर्वांना समजले आणि आम्हां उभयतांमधला अबोला संपला.

आजींचा, म्हणजे आमच्या आईंचा, आग्रह मात्र उलट्या टोकाचा होता. "जे विष आहे ते थोडे तरी का द्यायचे?" असे म्हणून त्यांनी नातीचे दूध, अंडे, भाजी, सारेच बंद करावे असा धोशा लावला. डॉक्टरांनी त्यांनाही भेटीला बोलावून घेतले. वाढत्या वयाच्या मुलीला हे जीवनसत्त्व मुळीच मिळाले नाही तर एका आंधळेपणातून वाचविताना दुसरा ओढवेल, असे त्यांनी सांगितले. त्याच्या कमतरतेने आधी रात्री दिसेनासे होते, मग डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके उठतात आणि शेवटी बुबुळावरचा पारदर्शक पडदाच विरघळतो. शिवाय आतडी व श्वासनलिका यांची अस्तरे दुबळी होऊन जुलाब आणि गोवर यांना मूल लवकर बळी पडते.

याच संदर्भात आम्हांला एका जुन्या प्रयोगाची माहिती वाचावयास मिळाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील शेफील्ड शहरी, सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र हाती धरण्यास नकार देणाऱ्या काही तरुणांनी आपली शरीरे आहारशास्त्राच्या प्रयोगासाठी देऊ केली. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे हान्स क्रेब्झ त्या संशोधकांत होते. जुलै १९४२ मध्ये प्रयोग सुरू झाला. एकूण २३ स्वयंसेवक. त्यांपैकी १६ जणांच्या आहारातून 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ पूर्ण काढून टाकले. महिने गेले, काहींच्या बाबतीत दोन वर्षे होत आली, पण स्पष्ट दुष्परिणाम दिसला तो अवघ्या तिघांत. कारण चांगल्या पोसलेल्या माणसाच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा मोठा साठा असतो आणि तो फार सावकाश संपतो. या प्रयोगातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक, चार दिवस कमीजास्त झाले म्हणून जीव टांगणीला लावू नये. दुसरी अधिक महत्त्वाची: आज काही त्रास दिसत नाही यावरून साठा भरलेला आहे असे मानू नये. म्हणून लेकीच्या रक्तातील 'अ' जीवनसत्त्वाची पातळी आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एकदा तपासून घेतो. आजवर ती योग्य मर्यादेत राहिली आहे. आईंनाही तो आकडा दाखवितो. आता त्या स्वतःच नातीच्या ताटात माठाची भाजी वाढतात.

सर्वांत अवघड निर्णय लेकीविषयी नव्हताच. तो तिच्या धाकट्या भावाविषयी होता.

तो तेव्हा दोन वर्षांचा होता. भारत सरकारने १९७० पासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम चालविला आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिट, मग दीड वर्षाच्या सुमारास दोन लाख आणि पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे एकूण नऊ डोस. त्याचे पहिले दोन झाले होते, तिसरा जवळ आला होता. तोंडात ओतावयाचा तो पिवळा चमचा आमच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यालाही तोच आजार असण्याची शक्यता चारात एक. डोस द्यावा, तर गिरणीत दुप्पट भात ओतल्यासारखे होईल. न द्यावा आणि तो निरोगी निघाला, तर ज्या संरक्षणावर त्याचा हक्क आहे तेच आम्ही हिरावून घेतल्यासारखे होईल. आशाताई घरी आल्या तेव्हा आम्ही त्यांना सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, की सरकारी नियमावर बोटही ठेवले नाही. "माझ्या वहीतला एक रकाना थोडे दिवस रिकामा राहील. तुम्ही पुण्याहून कागद आणा. मी पुन्हा येईन," असे म्हणून त्या गेल्या.

डॉक्टरांनी आम्हांला आधी एकच प्रश्न विचारला: उत्तर नकोसे आले तर ते घेऊन जगण्याची तुमची तयारी आहे का? आम्ही एक रात्र विचार केला, प्रार्थना केली आणि हो म्हटले. काही आठवडे डोस लांबल्याने त्याचे काही बिघडणार नाही, हेही त्यांनी समजावून सांगितले. अहवाल आला. मुलात सदोष प्रत एकच होती. म्हणजे आमच्याप्रमाणेच तो वाहक, आजारी नव्हे. आशाताई सांगितल्याप्रमाणे परत आल्या आणि त्याने तो पिवळा चमचा तोंड वाकडे करून गिळला. पुढचे सर्व डोसही त्याला वेळेवर मिळाले.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन ताटे झाली. भात एकच, वरण एकच, भाजीही एकच. परंतु सणाला घरी मटण शिजले की कलेजीचा तुकडा धाकट्याच्या ताटात जातो, थोरलीच्या नाही. या मुलाला आवश्यक ते त्या मुलीला अपायकारक. आरंभी आम्हांला हा भेदभाव वाटे. लेकीनेच एकदा तो विषय संपविला. "त्याची गिरणी चालू आहे," ती म्हणाली.

डोसांच्या कार्यक्रमाविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण आमचे ऐकून कुणी आपल्या मुलाचा डोस चुकवू नये. इंडोनेशियातील आचे प्रांतात आल्फ्रेड सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात अशा डोसांमुळे बालमृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे १९८६ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर या उपायाला जोर आला. पुढे उत्तर प्रदेशातील दहा लाख बालकांच्या अभ्यासात, २०१३ साली, घट फार थोडी आढळली. आपल्या देशातील आहारशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सी. गोपालन यांचे तर मत होते की मोठ्या डोसांवर विसंबण्यापेक्षा मुलांच्या ताटात भाजीपाला आणावा. हे मतभेद तज्ज्ञांचे आहेत. मुलांना हे जीवनसत्त्व हवे की नको, हा वाद त्यांत नाही. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात एक ते चार वयाच्या मुलांपैकी १८ टक्के आणि पाच ते नऊ वयाच्या मुलांपैकी २२ टक्के मुलांत त्याची कमतरता आढळली. आपल्या देशातील बहुसंख्य मुलांचा धोका कमतरतेचाच आहे, अतिरेकाचा नव्हे.

हे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. एका रविवारी मिस्सेनंतर ओळखीच्या एका भगिनींनी आम्हांला बाजूला घेतले. त्यांच्या मुलाच्या अंगावर इसब होता. 'अ' जीवनसत्त्व हेच साऱ्या रोगांचे मूळ आहे आणि ते वर्ज्य केले की त्वचा सुधारते, असे त्यांनी कुठेसे ऐकले होते. तुम्ही हे पथ्य करता, तर यादी आम्हांलाही द्या, असे त्या म्हणाल्या. कॅनडातील एका गृहस्थाने काही वर्षांपूर्वी पुस्तकरूपाने मांडलेले हे मत मोबाईलवरून आता आपल्याकडेही पोचले आहे. आहारशास्त्राने ते मान्य केलेले नाही. त्यात सत्याचा अंश आहे तो इतकाच की अतिरेक खरोखर घातक असतो. अंटार्क्टिकातील मोहिमेत डग्लस मॉसन यांचे सहकारी झेव्हियर मेर्ट्झ हे जानेवारी १९१३ मध्ये वेदना सोशीत मरण पावले. उपासमारीत गाडीच्या कुत्र्यांची यकृते खाल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाची विषबाधा होऊन तो मृत्यू ओढवला असावा, असे अनुमान १९६९ साली मांडले गेले. गरोदर स्त्रीने या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्यास गर्भाला इजा पोहोचू शकते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनाही डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ देत नाहीत. परंतु या साऱ्या प्रसंगी कारण ठरलेले असते, मुदत किंवा मर्यादा ठरलेली असते आणि देखरेखीला कुणीतरी असते. आम्ही त्या भगिनींना यादी दिली नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे सोबत गेलो. मुलाची भाजी चालूच राहिली.

आमची लेक २०२५ साली दहावी झाली. परीक्षेत तिला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळाला. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यासाठी खेटे घालावे लागले, पण ते मिळाले. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी ते लवकर काढून घ्यावे. तिच्या दृष्टीच्या मधोमध असलेला पुसट डाग मोठा झाला आहे. माणसांचे चेहरे ती दुरून ओळखीत नाही. चालीवरून आणि आवाजावरून ओळखते. मोबाईलवर अक्षर मोठे करून ती भराभर वाचते, पावसात खाचराच्या निसरड्या बांधावरून आमच्यापेक्षा सफाईने चालते. पथ्य पाळले नसते तर डाग किती मोठा असता, हे आम्हांला कधीही कळणार नाही; एकाच मुलीचे आयुष्य दोन प्रकारे जगून पाहता येत नाही. डॉक्टरांनाही आम्ही आता तो प्रश्न विचारीत नाही. पुढील तपासणीची तारीख विचारून घेतो.

वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मूल मान वाकडी करून पाहू लागले, चष्मा लावूनही फळा दिसेना, तर त्याला आळशी म्हणू नका. दृष्टिपटलाची तपासणी करून घ्या. निदान झाले तर काय वर्ज्य, किती वर्ज्य आणि कमतरता होऊ नये म्हणून काय तपासावयाचे, हे तिन्ही प्रश्न डॉक्टरांना विचारा. पहिलाच विचारून घरी परतू नका. निदान नसेल तर मुलाला खुशाल पपई द्या, भोपळा द्या, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी द्या आणि आशाताई दारात आल्या की त्याचे तोंड उघडा. शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून आपले ताट वाढू नका. मग ते शेजारी आम्ही असलो तरीही.